रोजच्या रस्त्यावर तुम्ही कशापाशी थांबता? (विदर्भातली गावं, फाटे, पांदणी)

गवळाऊ

डिसेंबर लागला की आमच्या आर्वी-पुलगाव रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. तो कापूस असतो. जिनिंगकडे निघालेल्या गाड्या दोन्ही अंगांनी फुगवून भरलेल्या, त्या फांद्यांना घासत जातात आणि काट्याकाट्याला कापूस अडकून राहतो. एखादी फांदी जवळून पाहा. प्रत्येक काट्यावर बोटाच्या पेराएवढा पुंजका, काहींत सरकी तशीच. सकाळच्या दवानं ते पुंजके चिकटून बसलेले असतात आणि दहाच्या सुमारास ऊन चढलं की एकेक करून पुन्हा फुलायला लागतात. मी स्कूटी बाजूला लावून हे बघत उभी राहते.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला आहे. लसीकरण, वासरांच्या नोंदी, कुठे अडलेली गाय, असं काही ना काही रोज असतंच, त्यामुळे दिवसाचा निम्मा वेळ रस्त्यावर जातो. डांबरी रस्ता, मग फाटा, मग पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट. घरचे विचारतात, रोज तोच रस्ता, कंटाळा येत नाही का? नाही येत. रस्ता तोच असला तरी त्याच्या कडेला चाललेलं काम रोज पुढे सरकलेलं असतं. काल डवरणी चालू होती ते वावर आज मोकळं दिसतं. परवा ज्या घरापुढे गोवऱ्या थापलेल्या होत्या तिथे आज उडवा रचून झालेला असतो. कोणीतरी सकाळपासून काहीतरी केलंय आणि त्याची खूण आपल्याला जाता-जाता दिसली, एवढ्यानंच मला बरं वाटतं.

माझी सगळ्यात आवडती वेळ संध्याकाळची. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याची गाय. पांढरी, अंगानं सडपातळ, चालायला चपळ. कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे आणि नंदगवळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली आहे. संकरित गाईंच्या काळात शुद्ध गवळाऊचे कळप कमी होत गेले, म्हणून रस्त्यात पन्नास-साठ गाई समोरून येताना दिसल्या की मी गाडी बंदच करते. गायकी, म्हणजे गुराखी, सगळ्यात मागे असतो. त्याला ओरडावं लागत नाही. पुढची जुनी गाय वळणावर आपोआप वळते आणि तिच्यामागे सगळ्या. गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, पोचल्या की कळप फुटतो, एकेक गाय आपापल्या गल्लीत शिरते आणि घराघरातून वासरं हंबरायला लागतात. स्कूटीच्या आरशापासून वीतभर अंतरावरून त्यांची शिंगं जातात, पण एकही गाय आरशाला लागत नाही.

उन्हाळ्यात फाट्याफाट्यावर पाणपोया लागतात, त्याही मला बघायला आवडतात. त्यावर जाणकारांनी लिहावं.

तर मंडळी, तुमच्या रस्त्यावर काय असतं? ताडोबा, चिखलदरा, लोणार यांवर खूप लिहिलं जातं. मला तिथे पोचेपर्यंतच्या वाटेवरचं ऐकायचं आहे.

कास्तकार_दर्यापूर

ताई, पाणपोईचं काढलं, बरं केलं. आमचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खांदली तं पाणी लागते, पन खारं. तोंडात घेववत नाई, पिकालेबी चालत नाई. मंग आमच्या इकडे कोनी पाणपोई लावते म्हंजे गोडं पाणी दुरून आनते अन् वाटसरूले फुकट पाजते. पंचेचायीस डिग्रीत!

आमच्या फाट्यावर लिंबाखाली रांजन असते, बारदाना गुंडाळेल. भरनारा म्हातारा सायकलले दोन क्यान लटकवून पाणी आनते. बारदाना सुकला का वरून गडवाभर शिपडते. गिलास झाकनीवर उलटा करून ठेवते, धूळ जाऊ नये म्हनून. आपन पानी पेलो अन् गिलास सुलटा ठेवला तं थो काई म्हनत नाई, उठते अन् उलटा करते. मी त्या रस्त्यानं गेलो का तहान नसली तरी पेतो.

लालपरीची_खिडकी

मी शिक्षिका आहे, दारव्ह्याहून रोज एसटीनं जाते. सकाळी फाट्याफाट्यावर पोरी उभ्या असतात, मानव विकासच्या निळ्या बसची वाट बघत. मुलींना शाळेसाठी ती फुकट आहे. त्या बसमुळे आमच्या भागात दहावीनंतर घरी बसणाऱ्या किती पोरी कॉलेजला पोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक दृश्य सांगते. बस थांबली, पोरी चढल्या, पण एक अजून पांदणीतून पळत येतेय. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं ओढणी सावरलेली. आतल्या पोरी खिडकीतून "थांबा ना काका, प्रिया येऊन रायली" असा गलका करतात. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर असतो, पण तो ती ओढत नाही. ड्रायव्हर आरशात बघत बसतो. ती चढते, दार लागतं, मगच डबल बेल. आमच्या लाल गाडीतून मला हे समोरच्या बाजूला दिसतं आणि माझा पहिला तास फार छान जातो.

(नाव बदललं आहे.)

गवळाऊ

@कास्तकार_दर्यापूर, दादा, उलटा ग्लास! हेच हवं होतं.
@लालपरीची_खिडकी, आमच्याकडेही त्या बसला असंच थांबवून ठेवतात.

झाडीचा_माणूस

ताई, वऱ्हाडाचं झालं, आता आमच्या झाडीपट्टीचं, पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचं घ्या. मी सिंदेवाहीचा. औषधं पोचवायचं काम, त्यामुळे नागभीड, ब्रह्मपुरी, मूल, वडसा असं फिरणं असतं.

पावसाळ्यात रोवणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची वावरं, पाण्यानं भरलेल्या, बाया कमरेत वाकून ओळीनं मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात. पऱ्ह्यांच्या पेंढ्या आधीच बांधीभर फेकून ठेवलेल्या असतात, हाताला येतील अशा अंतरावर. फेकणाऱ्याचा अंदाज बघण्यासारखा असतो. रोवणीवाल्या बाईला पेंढीसाठी एक पाऊलही बाजूला जावं लागत नाही. आणि गाणी! एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. रस्त्यावरून पूर्ण गाणं कधीच ऐकायला मिळत नाही, म्हणून मी पुलाच्या कठड्यावर बसतो. ज्या बांधीला पाणी दिलंय ते पुष्कळदा गावतळ्याचं असतं. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेली ही तळी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आजही धानाला पाणी देतात. सडक कितीतरी ठिकाणी त्या तळ्यांच्या पाळीवरूनच जाते. हिवाळ्यात त्याच पाळीवर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. घ्या आणि तिथंच सोलून खा.

दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि रस्त्यावर भोंगा लावलेली गाडी दिसायला लागते. "आज रात्री, आपल्या गावात, तीन अंकी संगीत नाटक!" वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. तिथल्या मंडळ्या त्या हंगामात रोज नव्या गावी असतात. सकाळी नऊच्या सुमारास एखाद्या टपरीवर नाटकाची गाडी उभी दिसते. रात्रभर प्रयोग करून निघालेले कलावंत चहा पीत असतात, एखाद्याच्या कानामागे रंग तसाच. गावातली पोरं दुरून बोट दाखवतात, "थो पाय, रात्रीचा इनिसपेक्टर!" मी अशा एका कलावंताच्या चहाचे पैसे दिले होते. त्यानं मला वन्समोअर घेतलेल्या पदाच्या दोन ओळी टपरीवरच म्हणून दाखवल्या.

आणि भिवापूरकडे जाल तर मिरचीचे सातरे. मोकळ्या जागेवर लाल मिरची पसरलेली, बाया घोळक्यानं बसून देठ खुडतात. गाडीची काच खाली केली की ठसका लागतो, तरी मी काच खालीच ठेवतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, हे आमच्याकडच्या पोरांनाही माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मोहाचं वेगळं लिहीन, ते एका ओळीत होत नाही.

रानपाखरू

@गवळाऊ, तुमच्या बाभळीवरच्या कापसाचं पुढे काय होतं ते सांगतो. त्यातला काही शिंप्याच्या घरट्यात जातो. शिंपी हा चिमुकला पक्षी मोठं पान दुमडून कडेनं शिवतो आणि आत कापूस, मऊ तंतू भरतो. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत रस्त्यालगतच्या झुडपात शिवलेलं पान दिसलं तर हात लावू नका, वाकून बघा. टाके मोजता येतात.

हिवाळ्यात तारांवर नीलपंख बसलेला असतो, आपल्याकडे नीलकंठ म्हणतात तो. बसलेला असताना मातकट वाटतो, पण उडाला की पंखांत दोन निळे उघडतात, एक गडद, एक फिका. हरभऱ्याच्या वावराशेजारची तार असेल तर हमखास.

गोंदियाकडच्यांना एक वेगळंच भाग्य आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः त्यांच्याच जिल्ह्यात उरलेत. धानाच्या बांधीत जवळजवळ माणसाइतकी उंच जोडी चालत असते आणि शेतकरी घरट्यापुरता धान तसाच सोडून देतो. रस्त्यावरून दुर्बिणीविना दिसते. गाडी थांबवा, पण उतरून बांधावर जाऊ नका, घरटं सोडून उठतात.

नवा_भिडू

नागपूरला नव्यानं बदली झाली आहे. होळीच्या आसपास पळस बघायला कुठे जावं? पिवळा पळसही असतो असं ऐकलं. नेमकी जागा कोणी सांगेल का?

रानपाखरू

पळसासाठी जागा शोधावी लागणार नाही. फेब्रुवारी संपत आला की नागपूरहून कोणताही रस्ता धरा, उमरेडचा, काटोलचा, रामटेकचा. पानं गळालेली आणि सगळं झाड केशरी. सोबत काटेसावरीही लाल झालेली असते. झाडाखाली पाच मिनिटं उभं राहून वर बघा. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, सगळे तिथेच असतात.

पिवळ्या पळसाची जागा मात्र मी इथे लिहिणार नाही, कोणीही लिहू नये. पांढऱ्या-पिवळ्या पळसाबद्दल गुप्तधनाच्या वेडगळ समजुती आहेत. फुलं, साल, मुळ्या ओरबाडून नेतात. तुम्हाला वाटेत दिसला तर मनसोक्त बघा आणि पत्ता स्वतःपाशी ठेवा.

पराटीची_लेक

धागा सकाळपासून वाचतेय. सुंदर लिहिताय सगळे, पण एक गोष्ट टोचली म्हणून लिहिते. माझी आई वेचणीला जाते. मजुरी किलोवर. रस्त्यावरून कापसाचं वावर पांढरं दिसतं, पण बोंडाची वाळलेली टोकं टोकदार असतात. नोव्हेंबरपासून तिच्या नखांशेजारची कातडी फाटलेली असते. ओटी भरली की कमरेला ओझं. भाव पडला की मालकही रडतो आणि मजूरही. आपल्या जिल्ह्यांची नावं पेपरात कशासाठी येतात हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीवरून जाणाऱ्याला जे सुख दिसतं ते वावरातल्या माणसाला दिसतं का?

गवळाऊ

@पराटीची_लेक, तू लिहिलंस ते इथे असायलाच हवं होतं. बोटांचं खरं आहे. माझ्याकडे वासरू घेऊन येणाऱ्या बायांचे हात मी रोज बघते. रस्त्यावरून दिसणाऱ्या कामाला मजुरीही असते आणि ती पुरत नाही, हे सोडून बघितलं तर ते बघणं अर्धवटच. एक विनंती करू? तुझ्या प्रश्नाचं उत्तर आईलाच विचारशील का? जाता-येता तिला काय दिसतं, काय आवडतं?

कास्तकार_दर्यापूर

बाई, तुहं बोलनं सोळा आने खरं हाय. मी बी त्याच मातीतला. पन एक सांगू? वावरात राबनाऱ्याले डोये असतेच ना. ज्या साली कापसाचा भाव पडला त्या सालीबी माहा बाप तुरीच्या फुलोऱ्यात जाऊन उभा राहे. धुऱ्यावर बसून पिवळी तूर पाहे, अन् मायले आवाज दे, "इकडे ये, पाय कशी बहरली." कर्ज होतं, सावकार होता, सारं होतं. थ्या दहा मिनिटांत त्याच्या जवळ तूर होती. हे त्याचं सुख होतं, कोनी पाहुन्यानं येऊन त्याले देल्लं नोतं. मी बी आता तसाच उभा रायतो.

पराटीची_लेक

आईला विचारलं. आधी हसली, म्हणाली, "हे का विचाराची गोष्ट हाय?" मग पोळ्या होईपर्यंत बोलत राहिली.

पहिला पाऊस पडून गेला की सडकेच्या कडेनं तरोटा उगवतो. कामावर जाताना बायांच्या गाडीतून तिचं लक्ष तिकडेच असतं, कुठे कोवळा आहे ते. येताना ती ड्रायव्हरला सांगते, "जरासा थांब बापू." सगळ्या बाया उतरतात आणि अंधार पडायच्या आत ओटीभर पानं खुडतात. कोवळीच घ्यायची, फुलावर आली की भाजी कडसर लागते. घरी लसूण, मिरची, तेलात परतली की झाली. ती म्हणते, "दिवसभर ओटीत दुसऱ्याचा माल असते. तरोट्याची ओटी आपली असते."

मला हे माहीत नव्हतं. भाजी मी लहानपणापासून खातेय.

गवळाऊ

आईंना माझा नमस्कार सांग. या वाक्यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

सेमाडोह

मेळघाटातून. होळीनंतर आमच्या रस्त्यांवर कोरकू बाया आणि पोरं गाडी अडवून फगवा मागतात. चार-पाच दिवस चालतं. बाहेरचे लोक काच वर करून हॉर्न वाजवतात, ते करू नका. उतरा, दहा-वीस रुपये द्या, ढोलकीवर नाच चालू असतो तो बघा, जमलं तर दोन पावलं टाका. कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसं या सणाला परततात, त्यामुळे गाव भरलेलं असतं. चिखलदऱ्याच्या पॉइंटवर जे मिळत नाही ते घाटाखालच्या या वळणावर मिळतं.

फाटा_क्रमांक_४

समृद्धी महामार्गावरून अनेकदा जाणं झालं. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी खुला झाला, ५ जून २०२५ ला पूर्ण. आजारी माणसाला लवकर पोचवता येतं, संत्रा बाजारात वेळेत जातो, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण दुचाकी, तीनचाकीला तिथे परवानगी नाही, बैलबंडी तर दूरच. मध्येच थांबायचं नाही, दोन्हीकडे भिंत किंवा जाळी. शेतं दिसतात, माणसं दिसत नाहीत. म्हणून वेळ असला की मी मुद्दाम जुन्या रस्त्यानं येतो. एखाद्या फाट्यावर गरम आलुबोंडा, वर कढी, सोबत तळलेली मिरची. टपरीवाला पेपरचा तुकडा पुढे करतो आणि विचारतो, "कुठले तुम्ही?" सांगितलं की त्याच्या साळ्याचं गाव शेजारीच निघतं.

मला खरी काळजी जुन्या रस्त्यांच्या झाडांची आहे. गेरू-चुन्याचे पट्टे आणि नंबर घातलेले जुने कडुलिंब, चिंचा रुंदीकरणात गेले. आमच्या फाट्यावरचा एक लिंब उरलाय. त्याच्या बुंध्याला टेकून न्हाव्याची खुर्ची, वर आरसा खिळ्याला, शेजारी पंक्चरवाला, उसाचा रस. तो गेला तर हे तिघं कुठे जातील? ज्यांच्या गावाजवळ काम सुरू होणार आहे त्यांनी ग्रामसभेत झाडांचा विषय लेखी मांडा. नवी झाडं किती लावणार, जगवणार कोण, हे विचारा. आम्ही विचारलंय, उत्तराच्या मागे आहोत.

लालपरीची_खिडकी

दारव्ह्याजवळ शकुंतला या जुन्या रेल्वेगाडीचे अडीच फुटी रूळ गवतात हरवलेत. यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी बंद झाली, तरी फाटकाच्या जागी आमच्या बसचा ड्रायव्हर अजून वेग कमी करतो. त्याच्या वडिलांनी त्या गाडीनं कापसाची गाठोडी नेलेली आहेत.

वलगावकर

रस्त्याच्या कडेचा विषय आणि गाडगेबाबांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. बाबा आमच्या अमरावती जिल्ह्याचे, जन्म शेंडगावचा. गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचे आणि वाट झाडायचे. २० डिसेंबर १९५६ ला गाडीनं अमरावतीकडे येत असताना आमच्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. परतवाड्याला जाणाऱ्यांनी तिथे दोन मिनिटं थांबावं. आमच्या गल्लीतल्या एक मावशी आजही पहाटे घरापुढचं अंगण झाडून झालं की पुढचा सडकेचा तुकडाही झाडतात, सडा टाकतात. सहा वाजता दूधवाले तिथून जाताना सायकल ओल्या सड्याच्या बाजूनं काढतात.

नवा_भिडू

@झाडीचा_माणूस, मोहाचं लिहिणार होतात. मला आणि बायकोला बघायचं आहे. कधी, कुठे, कसं?

झाडीचा_माणूस

मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आधी निघा. नागभीडवरून ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाही, कोणताही रस्ता चालेल. वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. झाडाखालची जागा झाडून साफ केलेली असते, तिच्यावर फिकट पिवळी, रसानं भरलेली फुलं. एक कुटुंब एक झाड वेचतं, आजीपासून नातवापर्यंत. परत येताना त्याच घरांच्या अंगणात फुलं वाळत घातलेली दिसतील, दिवसागणिक तपकिरी होत जाणारी.

आता नीट ऐका. हा वाघ-अस्वलांचा मुलूख आहे आणि मोह वेचताना माणसं गेलेली आहेत. वेचणारे घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत राहतात. तुम्ही डांबरी सोडून आत शिरू नका. सडकेलगतच्या झाडापाशी थांबा, आधी राम राम करा, फोटो विचारून काढा. कोणी मूठभर फुलं हातावर ठेवली तर एखादं तिथंच खाऊन बघा, गोड असतं. थर्मासमध्ये चहा जास्तीचा आणा, त्यांनाही द्या. येण्याआधी दोन दिवस इथेच कळवा, मी त्या बाजूला असलो तर सोबत येईन.